सोललेला शिंगाडा

दिवाळी झाली की गोंदियात उकडलेले शिंगाडे येतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांतले, ढिवरांनी पाण्यात उतरून तोडलेले, उकडून काळेकुट्ट झालेले. बल्लारशाह पॅसेंजरमध्ये माझ्या समोरच्या बाकावरच्या माणसाने पुडीतला एक काढला, दातांनी टोकं मोडली, नखाने साल सोलली आणि पांढराशुभ्र गर अडीच वर्षांच्या मुलाच्या तळहातावर ठेवला.

मुलाने गराकडे पाहिलं, मग बापाच्या मांडीवर पडलेल्या टरफलांकडे. "मी," तो म्हणाला. बापाला कळलं नाही. "मी! मी काढू!" बापाने दुसरा शिंगाडा पुढे केला. तो नको होता. हाच हवा होता, पण सालीसकट. बापाने बिचाऱ्याने दोन टरफलं गरावर दाबून धरायचाही प्रयत्न केला. ती गळून पडली. मूल बाकावरून खाली सरकलं, पाठ टेकली, टाचा आपटल्या आणि त्याने भोकाड पसरलं. गाडी नुकतीच सुटली होती. मी सवयीने घड्याळ पाहिलं.

मी निघालो होतो वडशाला, झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक पाहायला. ते रात्री सुरू होतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं. इथे पहिला अंक सकाळीच उघडला, म्हणून पुढचं नाटकासारखंच लिहितो.

पहिल्या पाच मिनिटांत डब्याने आपापली औषधं काढली. एकाने बिस्कीट दिलं, ते भिरकावलं गेलं. एक जण म्हणाला, "टीसी येऊन रायला, नेते तुले." एका बाईने दृष्ट लागल्याचं निदान करून मीठमिरची ओवाळायला सांगितलं. कॉलेजच्या एका पोराने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. "ठेव तो खिशात," असा खिडकीतून आवाज आला आणि त्याने खरंच ठेवला. खिडकीत बसलेल्या बाई सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. आता निवृत्त. मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, माहेरी निघालेल्या.

तोवर बापाचा हात वर गेला होता.

बाई : हात खाली घ्या, भाऊ.

बाप : काहून जी? एक ठेवून दिली की गप होते तो.

बाई : किती वेळ गप राहते?

बाप : (थोडा विचार करून) पाच मिनिटं. घाबरून. मग दुप्पट.

बाई : मग तुम्हाले माहीतच आहे.

बाप : मले माझ्या बापानं लय हाणलं. मी बिघडलो का?

बाई : नाही बिघडले. पण काहून हाणलं, एक तरी कारण आठवते?

बाप : (हसून) हाणलेलं आठवते. कारण नाही आठवत.

हसला, पण पटलं नव्हतं. पटायचं कारणही नव्हतं. पायाशी पोर लोळत होतं आणि सगळा डबा त्याच्याकडे पाहत होता. एकतीस वर्षांच्या अनुभवाने बोलणाऱ्या माणसाच्या पायाशी त्या घडीला कोणी लोळत नसतं, हे विसरून चालत नाही.

बाप : तुम्ही म्हणता मारू नका. मग करू काय? तुमच्या अंगणवाडीत वीस पोट्टे. एक रडला तर रडू दे कोपऱ्यात. इथं लोक पाहून रायले. घरी दोन खोल्या, भिंतीपलीकडे भाऊ-भावजय. रात्री अकरा वाजता हा सुरू झाला की भावजय सकाळी आईसमोर भांडे आपटते. माझी ड्यूटी राईस मिलमध्ये, धानाच्या सीझनले बारा-बारा घंटे. मी मोबाईल देतो. मोबाईल दिला की बटन दाबल्यासारखा गप.

बाई : कधी देता? रडायच्या आधी, का रडल्यावर?

बाप : रडल्यावरच ना. आधी काहून देईन?

बाई : आणि रडल्यावर लगेच, का उशिरा?

बाप : आधी नाहीच म्हणतो. दहा मिनिटं नाही म्हणतो, पंधरा मिनिटं नाही म्हणतो. मग डोकं फिरते, मग देतो.

बाई : झालं. तुम्ही त्याले शिकवलं की दुकान पंधरा मिनिटांनी उघडते.

बाप : म्हणजे?

बाई : दहाव्या मिनिटाला थांबलो तर काही भेटत नाही, पंधराव्याले भेटते, हे लेकराले कळलं. उद्या तुम्ही वीस मिनिटं धीर धराल, तर ते वीस मिनिटं रडेल. तुमचा धीर वाढते, तसा त्याचा वाढते.

बाप : मग काय पहिल्याच मिनिटाले देऊन टाकू?

बाई : हो.

बाप चमकला. मीही चमकलो. बाई 'अजिबात देऊ नका' म्हणतील अशी माझी पक्की समजूत होती.

बाई : द्यायचं असेल तर पहिल्या मिनिटाले द्या, हसून द्या. नाही द्यायचं तर पंधराव्यालेही देऊ नका. दोन्हीपैकी एक. सगळ्यात वाईट म्हणजे उशिरा देणं.

यावर बापाकडे उत्तर नव्हतं. तो खाली वाकून मुलाला उचलायला गेला. मुलाने कमान केली, डोकं बाकाच्या लोखंडी पायावर आपटायच्या बेतात आलं. बाईंनी आपली पिशवी, आतल्या लुगड्यांसकट, मधे सरकवली आणि परत खिडकीशी बसल्या. "उचलू नका. आपटू देऊ नका फक्त." एवढंच.

मला वाचलेलं आठवत होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी आयांकडून मुलांच्या रागाच्या डायऱ्या लिहून घेतल्या आणि १९३१ साली त्यावर पुस्तक केलं. पुढे २००३ मध्ये मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या थयथयाटाची आईबापांनी लिहिलेली वर्णनं बारकाईने तपासली. चारपैकी तीन थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपले होते. आणखी एक मजा म्हणजे, पहिल्या तीस सेकंदांत जे मूल पाय आपटतं किंवा जमिनीवर लोळण घेतं, त्याचं आवरतंही लवकर. आमच्या पोराने तर दहा सेकंदांत लोळण घेतली होती. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. त्याने तो अभ्यास वाचलेला नव्हता.

हिरडामाली गेलं. आवाज तसाच.

बाप : आता सांगा. हे काय पाच मिनिटांचं आहे? घरी तर पाऊणपाऊण घंटा चालते. माझ्या आईनं पाच पोरं वाढवले, ती म्हणते असा जिद्दी कोणी नाही पाहिला.

इथे बाईंचा सूर बदलला. आतापर्यंत त्या समजावत होत्या, आता विचारू लागल्या.

बाई : रोज?

बाप : रोज एकदा तर पक्का. कधी दोनदा.

बाई : निळा पडते का?

बाप चपापला.

बाप : एकदा पडला. रडता रडता श्वासच थांबला. ओठ निळे, अंग ताठ. आईनं कांदा फोडून नाकाशी धरला, तेव्हा आला श्वास.

बाई : कांद्यानं नाही आला, तो आपसुक येते, मिनिटभरात. पुन्हा झालं तर तोंडात पाणी टाकू नका, गदागदा हलवू नका. कुशीवर निजवा, झालं. डॉक्टरले दाखवलं?

बाप : नाही जी. जिद्दीनं करते म्हणून सोडून दिलं.

बाई : अंगात रक्त कमी असलं की लेकरांत हे जास्त दिसते. रक्त तपासलं, लोह भरून निघालं, की कित्येकांचं थांबते. आणि रडताना हाताले-पायाले हात लावू देते?

बाप : म्हणजे?

बाई : बोटं सुजतात का? पाऊल सुजून गरम लागते का? जोडे घातले की जास्त रडते का? थंडीत वाढते का?

बाप गप्प झाला. मग म्हणाला, मागच्या हिवाळ्यात एकदा दोन्ही हात सुजले होते. मुंग्या चावल्या असतील असं वाटलं. दोन दिवस रडला, मग आपोआप उतरली सूज.

बाई : सिकलची तपासणी झाली आहे का तुमची? तुमची आणि त्याच्या आईची?

बाप : लग्नाआधी कोण करते जी? माझ्या चुलत भावाच्या पोरीले आहे म्हणतात.

हा संवाद मी इथे मुद्दाम सविस्तर देतो आहे. मुलांच्या हट्टावर मराठीत जे छापून येतं, त्यात हे सहसा नसतं. ते बहुधा पुण्या-मुंबईत लिहिलं जातं. तिथल्या लेखात अर्धा तास रडणाऱ्या मुलाला झोप कमी, मोबाईल जास्त, आईबाप व्यस्त, एवढी तीन कारणं पुरतात. झाडीपट्टीत चौथं आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलसेलच्या मुलाला जन्मल्यावर पहिले काही महिने त्रास होत नाही, कारण पोटातून आणलेलं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेतं. ते ओसरलं की, साधारण सहा महिन्यांनंतर, हातापायांची छोटी हाडं दुखू लागतात, पंजे सुजतात. अनेकदा आजाराची पहिली खूण हीच. दोन वर्षांचं मूल 'माझं हाड दुखतं' म्हणत नाही. ते शिंगाड्याच्या सालीवरून रडतं. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. देशपातळीवरची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. विदर्भातल्या आशाताईंना आणि सेविकांना हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

बाप : म्हणजे तो जिद्दी नाही, बिमार आहे?

बाई : मी डॉक्टर नाही. दोन्ही असू शकते. निव्वळ जिद्दी असला तरी तपासून काही बिघडत नाही. निव्वळ जिद्दी निघाला तर मला फोन करून सांगा, मी पेढे खाईन. पण ज्याचं बोट दुखते त्याले 'हट्ट मोडू' म्हणून हाणणं, हे पाप आहे बापा.

सौंदड आलं. दोन-चार माणसं उतरली, मंडईची पाचसहा चढली. मुलाचं रडणं या गर्दीत क्षणभर बुडालं आणि परत वर आलं.

आता पाळी बापाची होती. त्याने जे विचारलं, त्याला मी त्या दिवसातला सगळ्यात खरा प्रश्न म्हणतो.

बाप : ठीक आहे. तपासतो. समजा काही नाही निघालं. तुम्ही म्हणता, मारू नका, उशिरा देऊ नका, शेजारी बसून राहा. कोण बसणार? रोवणीच्या वेळी याची आई सकाळी सातले बांधीत जाते. दिवसभर चिखलात वाकून, संध्याकाळी सहाले घरी. हा दिवसभर आजीपाशी चुपचाप. एक आवाज नाही. आई दारात दिसली की सुरू. तिच्याच पायाले लोंबकळते, तिलेच मारते. पाऊण घंटा. ती हात धुवेल, चूल पेटवेल, का याच्या शेजारी बसेल?

बाई : दिवसभर धरून ठेवलेलं असते त्यानं. जिच्यापाशी सोडता येते, तिच्यापाशीच...

बाप : ते समजलं जी. कोण बसणार ते सांगा.

बाई काही बोलल्या नाहीत. गाडी जंगलातून चालली होती, दोन्हीकडे साग आणि ऐन. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, आवाज खाली आणून.

बाई : माझ्यापाशी मदतनीस होती. दुपारी मी घरी जायची. वीस लेकरं सांभाळली, खरं आहे, पण पगार घेऊन, दुसऱ्यांची. माझा स्वतःचा पोरगा सासूनं वाढवला. तोही असाच रडायचा, मी दारात आली की. मी हाणलं आहे त्याले. चुलीतलं लाकूड उचललं होतं एकदा.

बाप : मग?

बाई : मग काही नाही. तो आता नागपूरले आहे. बोलते माझ्याशी. पण तुम्ही विचारलं ना कोण बसणार. मले नाही माहीत. त्याच्या बापानं बसावं, असं तेव्हा मले वाटायचं. तो कधी बसला नाही.

या जागी माझं मत मी बापाच्या पारड्यात टाकतो. बालसंगोपनाचा बहुतेक सल्ला घरात एक मोकळं माणूस गृहीत धरून दिलेला असतो. रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यात मोकळं माणूस नसतं. पण पारडं पूर्ण खाली जात नाही, कारण राईस मिलचे बारा तास सीझनपुरते असतात आणि रोवणी पावसाळ्यात होते, धानाची आवक दिवाळीनंतर. आषाढ-श्रावणात संध्याकाळी सहा वाजता हा बाप कुठे असतो, हे बाईंनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्याने स्वतःला विचारलं.

बाप : आज त्याची आई नाही सोबत. परवा डिलिव्हरी झाली. पोरगी झाली. गोंदियाले दवाखान्यात आहे. हा दवाखान्यात ऐकतच नव्हता, म्हणून नानीपाशी सोडायले चाललो. सकाळी चारले उठवलं.

बाई : (कपाळावर हात मारून) अन् हे तुम्ही आता सांगता?

बाप : तुम्ही विचारलंच नाही.

बाई : खरं आहे. हातपाय विचारले, रक्त विचारलं. घरी काय झालं ते विचारलंच नाही.

एकतीस वर्षांच्या अनुभवाची सेविका चुकली आणि तिने डब्यात सगळ्यांसमोर कबूल केलं. माझ्या लेखी त्या सकाळी बाईंची किंमत इथे वाढली. आई दोन दिवस घरी नाही, तिच्या कुशीत भलतंच कोणीतरी आलंय, चार वाजता झोपेतून उचललंय, आणि एवढ्या सगळ्यात स्वतःच्या हाताने करता येईल अशी एकच गोष्ट समोर आली, एक शिंगाडा. तीही कोणीतरी आधीच करून टाकली.

बाई : ऐका. आवाज ऐका आता.

आम्ही ऐकलं. किंचाळणं गेलं होतं. उरलं होतं ते लांबट, मुसमुसतं रडणं, मधेच हुंदका. पोटेगल यांच्या अभ्यासात नेमकं हेच आहे. थयथयाटात राग आणि दुःख दोन्ही असतात. राग लवकर शिगेला जातो आणि ओसरतो. दुःख पहिल्यापासून असतंच आणि शेवटपर्यंत राहतं, रागाचा आवाज गेला की ते ऐकू येतं. बाईंनी तो अभ्यास ऐकलेलाही नसणार.

बाई : भाताले उकळी आली की झाकण दाबून धरलं तर उतू जाते. आता उकळी बसली. आता घ्या त्याले. बोलू नका काही. 'रडू नको' पण म्हणू नका.

बापाने हात पुढे केले. मुलाने या वेळी कमान केली नाही. तो बापाच्या खांद्यावर चढला आणि त्याने नाक सदऱ्याला पुसलं. बापाचा एक हात त्याच्या पाठीवर होता. दुसऱ्या हाताने त्याने, मी नीट पाहिलं, मुलाच्या पंजाची बोटं एकेक करून हलकेच दाबली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मूल विव्हळलं नाही. बापाने डोळे मिटले.

मी घड्याळ पाहिलं. चौतीस मिनिटं.

दोन आकडे इथे सांगून ठेवतो, कारण बापाने ते मला विचारले आणि मी त्याच्या तंबाखूच्या पुडीवर लिहून दिले. एक, पाच मिनिटं : तेवढं कोणाचंही पोर रडतं. दुसरा, पंचवीस मिनिटं : तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचे थयथयाट सरासरी पंचवीस मिनिटांवर जातात, जे स्वतःला इजा करून घेतात किंवा ज्यांना स्वतःहून शांत होताच येत नाही, त्यांना डॉक्टरांकडे न्यावं असं म्हटलं आहे. एखाद्या दिवशी चौतीस मिनिटं झाली, तीही आई दवाखान्यात असताना, तर तो आजार नव्हे. रोज पाऊण तास झाला तर वहीत लिहून ठेवावं : किती वाजता, किती वेळ, आधी काय झालं, कसं थांबलं.

बाप : घरी पोवारी, बाजारात हिंदी, नानीकडे झाडीबोली. बोलायले पण उशीर झाला याले. त्यामुळं तर नाही?

बाई : तीन भाषांनी लेकरू बिघडत नाही. 'मी काढू' म्हणाला ना मघाशी? दोन शब्द जोडते. जोडत नसता तर कान तपासायले सांगितले असते. अंगणवाडीत तपासणीची गाडी येते वर्षातून दोनदा. दाखवा, चुकवू नका.

बाप : आणि सिकल?

बाई : अर्जुनी मोरगावले उतरता ना? ग्रामीण रुग्णालय आहे तिथं. पैसे लागत नाहीत. तुमचं, याचं. नंतर बायकोचं अन् परवाच्या पोरीचं पण. तिचं विसरू नका.

बाप : मोबाईलचं मात्र मी सांगू शकत नाही. रात्री अकराले रडला तर देईन.

बाई : द्या. पण पहिल्या मिनिटाले.

अर्जुनी मोरगाव आलं. मूल खांद्यावर झोपलं होतं, मूठ घट्ट. मुठीत तोच गर, आता काळपट आणि चिकट. बाप उठला, पिशवी अडकवली आणि दाराकडे जाताना परत वळला. बाकावर सांडलेली दोन टरफलं त्याने वेचली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"उठल्यावर मागेल," तो म्हणाला आणि उतरून गेला.